उघड्या खिडक्या

सापाच्या मादीच्या पोटाखालून सरकणारं त्याचं बोट मध्येच अडलं. तिथे उंदराएवढा फुगवटा होता. तिने काहीतरी गिळलं होतं.

खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या, तापमापक तेरा अंशांवर आला होता. हिवाळ्यात साप असे गारठवून ठेवले, तरच पुढे जोडी जुळते, अंडी होतात. पण आधी पोट साफ रिकामं हवं. थंडीत अन्न पचत नाही, आतच सडतं आणि साप जातो. हे त्याला वडिलांनीच शिकवलं होतं.

वडिलांनी उभा जन्म जपलेल्या वाणाची ही शेवटची मादी. त्याच खोलीतला नर इतका थकलेला, की पुढचा हिवाळा बघेलसं वाटत नव्हतं.

"बाबा, हिला कुणी खायला दिलं?"

दारात शाल पांघरून उभे असलेले वडील हसले. अलीकडे त्यांचं विसरणं वाढलं होतं. जेवून उठले, की पुन्हा पानावर बसत, आणि घरात कुणीतरी उपाशी आहे या काळजीने त्यांना चैन नसे.

"मीच दिलं काल. बिचारी उपाशी होती रे. तुमचं कुणाचं लक्षच नाही."

त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय, पालथ्या घड्यावर पाणी. गारठ्यात ठेवावी तर ही मरणार. ऊब द्यावी तर हिचं पोट रिकामं होईस्तोवर थंडी सरणार, आणि अंडी कायमची गेली.  मग त्याने मादीला छातीशी धरून वडिलांच्या खोलीत नेलं, पेटीत ठेवलं आणि शेजारचा हीटर लावला. 

वडील मागोमाग आले, पेटीवर वाकले. त्यांचा चेहरा बदलला.

"हा फुगवटा कसला? ऐन थंडीत खायला घातलंस? अक्कल गहाण टाकलीस की काय? वाण बुडवलास माझा."

त्याने वर पाहिलं. कित्येक महिन्यांत त्यांची नजर इतकी स्वच्छ दिसली नव्हती.

"चुकलं, बाबा."

"चुकलं म्हणे. हीटर कमी कर, हळूहळू तापव." त्यांनी अंगावरची शाल काढून पेटीभोवती गुंडाळली. "जाऊ दे. पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः लक्ष घालतो."

"हो, बाबा," तो म्हणाला, आणि नराच्या खोलीतल्या खिडक्या लावायला गेला.