टिकलीची आंघोळ

त्या उन्हाळ्यात विजयकुमार सासुरवाडीला निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत एक भिंग होतं, एक होकायंत्र होतं आणि डोक्यात शिक्षकांचं नुकतंच आटोपलेलं शिबिर होतं. औरंगाबादेत तो आठवीला विज्ञान शिकवायचा. शिबिरात त्याला रोजचा उपमा आणि 'मुलांना अनुभवातून शिकू द्या' हे एक वाक्य मिळालं होतं. उपमा पचला. वाक्य राहिलं.

अनुभव द्यायला घरच्याच दोन मुली होत्या. सात वर्षांची आरोही आणि चार वर्षांची राधिका. त्यांच्या आईनं, मोहिनीनं, बसमध्येच बजावलं, "लेकरांना आजोळी खेळू द्या. शाळा जूनमध्ये उघडते." विजयकुमार नुसता हसला. थोर सुधारकांना बायकोकडून असंच ऐकावं लागलं असणार, असं त्याला वाटलं. त्या रांगेत आपण कितवे, हेही त्यानं अंदाजानं ठरवून टाकलं.

पहिला अनुभव हिंगोलीहून पुसेगावला जाणाऱ्या जीपमध्येच मिळाला. त्यानं होकायंत्र काढलं आणि मुलींना उत्तर दिशा दाखवली. उत्तर दिशा जीपच्या इंजिनाकडे निघाली. जीप वळली तरी उत्तर इंजिनाकडेच. शेजारी कोंबडी घेऊन बसलेल्या बाईनं विचारलं, "काय हाय वं ते?" राधिकानं सांगितलं, "इंजिन कुठं आहे ते कळतं ह्याच्यात." विजयकुमारनं यंत्र खिशात घातलं. शिबिरात लोखंडाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तसं ते सहावीच्या पुस्तकात आहे, पण तो आठवीला शिकवायचा.

साल नव्व्याण्णव होतं. हिंगोलीला जिल्हा होऊन महिनाही झाला नव्हता. सासरे सटवाजी ओसरीवर म्हणाले, "जिल्हा तर आला पाव्हणं. पाणी मागून येऊन राहिलं म्हणतेत." आणि वर अधिक महिना होता. धोंड्याचा महिना. ह्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला न्हाऊमाखू घालायचं, नवे कपडे करायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि मुख्य म्हणजे त्याला उणादुणा शब्द बोलायचा नाही.

ह्या शेवटच्या कलमाची परीक्षा दुसऱ्याच दिवशी झाली. विजयकुमारनं अंगणात मुलींना भिंगातून सूर्यकिरण एकत्र कसे येतात ते दाखवलं. ते एकत्र आले ते सटवाजींच्या वाळत घातलेल्या नव्या उपरण्यावर. बोटभर भोक पडलं. सटवाजींनी भोकातून एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं. हवा येईल."

सासूबाई द्वारकाबाईंनी तर जावयासाठी गोरेगावच्या बाजारातून चंदनाचा साबण मागवला होता. घरातली बाकीची माणसं कपड्याच्याच वडीनं अंग धुवायची. चंदनाची वडी देवळीत, वेगळ्या बशीत. तिला कुणी हात लावायचा नाही.

मेहुणा शिवहार मेंढरं राखायचा. त्या दिवसांत कळप गावाखालच्या शेषरावांच्या रानात बसवलेला होता. लेंडीखतानं रान कसदार व्हावं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतात, तसा. भोवती वाघर, म्हणजे दोऱ्याच्या जाळीचं कुंपण. आणि त्या घरचा रिवाज असा, की भाची मोठ्या मुक्कामाला आली की मामानं तिला एक कोकरू द्यायचं. कोकरू राहतं कळपातच, पण ते भाचीचं. पुढं त्याला होतील ती पिल्लंही भाचीची.

आरोहीनं निवडलं ते नुकतंच जन्मलेलं, काळंकुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. नाव ठेवलं टिकली. दिवसभर ती टिकलीला मांडीवर घेऊन बसायची.

"मामा, पुढच्या वर्षी ही मला ओळखेल?"

"वळखंल की. मेंढरू इसरत न्हाई."

तिला एवढंच हवं होतं. औरंगाबादेत त्यांच्या गल्लीतली मांजरसुद्धा तिला ओळख देत नसे.

बारकी कोकरं कळपामागं चालू शकत नाहीत. म्हणून मेंढ्या सकाळी चरायला गेल्या की कोकरं अंगणात मोठ्या डालग्याखाली झाकून ठेवत आणि दुपारी आया परतल्या की पाजायला सोडत. त्या सकाळी आरोहीच्या फ्रॉकवर एक गोचीड सापडली. मोहिनी ती चिमटीत धरून फेकणारच होती, पण विजयकुमारनं थांबवलं. अनुभव चालून आला होता. त्यानं गोचीड भिंगाखाली धरली, परजीवी म्हणजे काय ते सांगितलं, तिथून तो स्वच्छतेवर आला, आणि स्वच्छतेवरून त्याची नजर देवळीतल्या बशीवर गेली.

न्हाणीच्या दगडावर टिकलीला उभं केलं. चंदनाचा फेस झाला. टिकली ओरडायला लागली.

"बाबा, काळं निघेल का?" राधिकानं विचारलं.

"काळा तिचा नैसर्गिक रंग आहे बेटा."

"मग कशाला धुता?"

ह्या प्रश्नाचं उत्तर शिबिरात नव्हतं. त्यानं शेपटीखाली आणखी एकदा साबण चोळला. स्वच्छता करायची तर पुरती करावी, ह्या मताचा तो होता. राधिकानं हट्ट केला म्हणून वर मोहिनीची पावडरही लावली. टिकली आता सुटीला आलेल्या शहरी नातेवाइकासारखी दिसायला लागली. आरोहीनं टाळ्या वाजवल्या. विजयकुमारला वाटलं, शिबिरातल्या मंडळींनी हे पाहायला हवं होतं.

दुपारी शिवहार मेंढ्या घेऊन परतला. डालगं उचललं. कोकरं धावली, ज्याची त्याची आई ज्याला त्याला मिळाली. टिकलीही धावली. तिच्या आईनं तिला हुंगलं, नाक वर केलं, पाय आपटला आणि धडक दिली. टिकली कोलमडली. उठून पुन्हा गेली. पुन्हा धडक.

"मामा, तिची आई तिला मारतेय!" आरोही ओरडली.

शिवहारनं कोकरू उचलून नाकाशी धरलं. त्याचे डोळे मोठे झाले.

"हिला तर दाजीचा वास येऊन राहिला!"

सगळ्यांनी आधी न्हाणीकडे पाहिलं, मग बशीतल्या अर्ध्या वडीकडे, मग नारायणाकडे. बोलायचं प्रत्येकालाच होतं, पण महिना आडवा येत होता. सटवाजी शेवटी कुत्र्यावर खेकसले, "तू काय बघून राहिला रे? तुला काही अक्कल?" कुत्र्यानं कान पाडले. द्वारकाबाई साबणाला बोलल्या, "एवढा वास काहून घालतेत गं बाई ह्याच्यात? लेकराला आय वळखंना, असला कसला साबन!" शिवहार बहिणीकडे वळला, "ताई, तू इथंच व्हतीस न्हवं?" मोहिनी ह्या महिन्यात लक्ष्मी होती आणि लक्ष्मीनं नारायणाला चारचौघांत बोलायचं नसतं. तिनं ते डोळ्यांनीच उरकून घेतलं.

विजयकुमार खांबाला टेकून उभा होता. कुणी बोललं असतं तर निदान 'चुकलं' म्हणता आलं असतं. हे कुत्र्याच्या नावानं ऐकून घेणं फार जड जात होतं.

"वरचं दूध एवढ्या बारक्याला सोसत न्हाई," शिवहार म्हणाला. "आज आयनं न्हाई पाजलं, तर ह्या उन्हात टिकायचं न्हाई."

आरोहीनं ते ऐकलं. ती बापापाशी आली आणि न रडता, न ओरडता, अगदी हळू म्हणाली, "तुम्ही आता माझ्याशी बोलू नका."

मग उपाय सुरू झाले. द्वारकाबाईंनी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या ठसकल्या, सगळे खोकले, मेंढी आणखी लांब गेली. शेजारचे पुंजाजी आले. त्यांचं म्हणणं, कुत्रं जवळ नेलं की मेंढीला पिल्लाची माया येते. कुत्रं नेलं. ते मघाशीच बोलणी खाऊन बसलेलं, ते मेंढीकडे बघेचना. शिवहारनं मेंढी आवळून धरली, तर तिनं अशी लाथ घातली की टिकली पुंजाजींच्या धोतरात जाऊन पडली.

विजयकुमारला तेवढ्यात एक गोष्ट आठवली. सहामाहीच्या पेपरात त्यानंच प्रश्न काढला होता: 'कळपातील मेंढी आपले पिल्लू अचूक ओळखते. शास्त्रीय कारण लिहा.' दोन गुण. 'वास' हा शब्द अधोरेखित न करणाऱ्या पोरांचा त्यानं अर्धा गुण कापला होता. अख्ख्या वर्गाला जे येत होतं, ते साबण हातात घेताना त्याला आठवलं नव्हतं.

"शिवहार," तो म्हणाला, "मेंढी रात्री बसते कुठं?"

"वाघरीत. काहून?"

"तिला तिथं घे. आणि तिचं थोडं दूध काढून दे."

"दाजी, तुमाला शेषरावमामाकडं जायचं हाय. धोंड्याचं जेवन हाय तिथं. तुमी कपडे घालून बसा, आमी बघतो."

कपडे त्यानं घातलेलेच होते. आहेराचा पांढराशुभ्र सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. टिकलीला काखेत मारून तो तसाच रानाकडे निघाला. मागं शिवहार मेंढी घेऊन, त्यामागं सगळं घर, आणि एवढं घर एकदम कुठं निघालं म्हणून निम्मी आळी.

वाघरीत मेंढीच्या बसायच्या जागी लेंड्यांचा आणि मुताचा ओलसर थर होता. विजयकुमार गुडघ्यांवर बसला आणि टिकलीला त्या थरात घोळवायला लागला. पाठ, पोट, शेपटीखाली तर दोनदा. मग तिच्या अंगावर आईचं दूध चोळलं. चंदन मागं हटलं. पावडरीचा लगदा झाला. टिकली पुन्हा काळी झाली.

ह्याच वेळी शेषराव जावयाला जेवायला बोलवायला स्वतः आले. जाळीशी उभे राहिले.

"सटवाजी, पाव्हणं हे काय करून राहिले?"

सटवाजींनी भोकाचं उपरणं नीट केलं. "त्यायचं शिक्षान चालू हाय," ते म्हणाले.

शिवहारनं मेंढी आत सोडली. ती दोन पावलं पुढं आली, नाक लांबवलं, आणि एकदम मागं फिरून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पुन्हा आणली, पुन्हा तेच. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला वाटलं, पोरीला काय सांगायचं?

जाळीपलीकडून आवाज आला. दुपारपासून पहिल्यांदा.

"बाबा, तिला तुमची भीती वाटतेय. तुमच्या अंगाला पण तोच साबणाचा वास येतोय."

"मग मी बाहेर येतो."

"नको! तुम्ही सोडलं की टिकली तुमच्याच मागं पळते." आणि थोडं थांबून, "तुम्ही पण लोळा ना."

विजयकुमारनं पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. शेषरावांकडे पाहिलं. सासऱ्यांकडे पाहिलं, ते कुठंतरी लांब, नव्या जिल्ह्याच्या दिशेनं बघत होते. मग त्यानं टोपी काढून मोहिनीकडे दिली आणि आडवा झाला. एकदा ह्या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. आळीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. "डोकं राहिलं," आरोही म्हणाली. त्यानं डोकंही घोळवलं. अनुभव द्यायचा तर पुरता द्यावा.

मग तो तसाच उताणा पडून राहिला, टिकलीला पोटाशी धरून. हलायचं नाही, असं शिवहारनं खुणावलं होतं.

मेंढी आली. आधी तिनं जावयाचा कान हुंगला. मग सदरा. तिथं तिला हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. मग टिकलीचं डोकं, पाठ, आणि शेवटी शेपटीखाली नाक घालून ती थांबली. फार वेळ थांबली. मेंढीच्या गळ्यातून हलकं, घरघरल्यासारखं काहीतरी आलं. टिकली धडपडत उठली, विजयकुमारच्या तोंडावर पाय देऊन पलीकडे गेली आणि आचळाला लागली. तिची शेपटी फिरकीसारखी थरथरायला लागली.

"पेतीय!" शिवहार म्हणाला.

आरोही जाळीखालून सरपटत आत आली. बापाच्या हाताला कोरडी जागा शोधली, सापडली नाही, तरी तो हात धरला. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही उद्या दुसऱ्या कुणाला धुणार आहात का?"

"नाही."

"बरं."

तो जाळीबाहेर आला. सदऱ्याचा रंग सांगता येत नव्हता. केसांत लेंड्या होत्या. द्वारकाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नारायण कुठं दिसतो का, हे त्या बघत असाव्यात. दिसला नाही, आणि दुपारपासून तुंबलेलं सगळं एकदम सुटलं.

"काहून धुतलं हो त्या लेकराला? तुमाला कोणी सांगितलं व्हतं? ह्या लेकी रोज न्हायल्या तरी पुरे, मेंढरं काहून न्हाऊ घालून राहिले? उपरनं जाळलं, साबन संपवला, आता आहेराचा सदरा गेला! मास्तर हायेत का कोन हायेत! एवढं शिकून माणसानं एवढं येडं ऱ्हावं? चला घरी. आणि साबन मागू नका, न्हाई भेटनार!"

"चुकलं मामी," विजयकुमार म्हणाला. दुपारपासून त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि ह्या घरात आज पहिल्यांदा त्याला कुणी धड रागावलं होतं. कुत्रंही आता त्याच्या पायाशी येऊन बसलं. बोलणी आपल्या वाटणीची नाहीत, हे त्याला कळलं असावं.

शेषरावांनी मोठ्या मनानं धोंड्यांचं ताट रानातच पाठवलं. विजयकुमार लिंबाखाली, सगळ्यांपासून जरा वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसून जेवला. आरोही त्याला टेकून बसली होती, तिची नजर टिकलीवर.

राधिकाही धोंडा हातात घेऊन आली. बापाच्या मांडीवर बसायचा तिचा रोजचा रिवाज. जवळ येऊन तिनं त्याला हुंगलं. खात्री करून घ्यायला आणखी एकदा हुंगलं. मग नाक वर केलं, पाय आपटला आणि शिवहारच्या मांडीवर जाऊन बसली.