वरचा पडदा

या मित्रांनो, जवळ या. काचेला नाक टेकवलेत तरी चालेल, मी रागावणार नाही. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती माझी आहे, पण माझ्याहून जास्त दुसऱ्या कुणाची आहे. मन लावून ऐका, कारण शेवटी मी तुमच्याकडे एक मागणे मागणार आहे.

मी एक जुना, दोन पडद्यांचा लॅपटॉप आहे. साध्या लॅपटॉपला वर पडदा असतो आणि खाली बटणे. मला वरही पडदा, खालीही पडदा. उघडले की मी मोठ्या पुस्तकासारखा दिसतो. सध्या माझा मुक्काम एका दुरुस्तीच्या दुकानात, काचेच्या कपाटात, झाकण हरवलेल्या प्रिंटरच्या शेजारी आहे. एखादे गिऱ्हाईक येते आणि विचारते, "दोन स्क्रीनचा घ्यावा का हो?" मग दुकानाचे काका मला खाली काढतात, बाहीने धूळ पुसतात आणि माझे गुणदोष मांडू लागतात.

"दोन कागद एकदम समोर राहतात. सारखं हे मिटा, ते उघडा, नको. हा गुण. आता अवगुण ऐका. वजनाला जड. मांडीवर घेतला तर मांडी शेकते. बटणं काचेवरची, बोटाला कळतच नाहीत. बिजागरी गेली की रडा. आणि बॅटरी? अहो, दोन तोंडांचं जनावर हे, खाणारच दुप्पट!"

गिऱ्हाईक हसते. काका मला पुन्हा वर ठेवतात.

काकांच्या बोलण्यात खोटे काहीच नाही. पण मित्रांनो, सगळेच काही तराजूच्या पारड्यात मावत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एका कामगार बाईने माझी बिजागरी बसवली, मला कितीदा तरी उघडून मिटून पाहिले आणि माझे दोन्ही पडदे एकाच बॅटरीला जोडले. देवाने माणसाला डोळे दोन दिले, पण नजर एकच दिली ना? तसेच माझे. पडदे दोन, जीव एक. तेव्हा मला त्यात नवल वाटले नाही. पुढे त्याचीच किंमत मोजावी लागली.

एका नोकरी करणाऱ्या मुलीने मला तिच्या वडिलांसाठी विकत घेतले. तिचे बाबा मुद्रितशोधक होते. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढणारे. हे काम एकट्याचे नसते. एकाने मूळ लिखाण मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने छापील कागदावर पेन्सिल फिरवायची. बाबांना वाचून दाखवायची ती आई. तीस वर्षे हे दोघे एका टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत आले होते.

मी घरात आलो तेव्हा आईने मला चारही बाजूंनी न्याहाळले.

"दोन पडदे? नाटक कंपनी काढायची आहे का या वयात?"

"काढलीच तर मी नट आणि तू आतून वाक्यं सांगणारी," बाबा म्हणाले. "तीस वर्षं दुसरं काय चाललंय?"

माझ्यात एक सोय होती. मला टेबलावर पूर्ण उताणे ठेवले की वरच्या पडद्यावरची अक्षरे फिरत आणि समोर बसलेल्याला सुलट दिसत. झाले! मूळ लिखाण आईकडे, छापायचे पान बाबांकडे. आई वाची आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे चिन्हेसुद्धा वाची. "राजा म्हणाला स्वल्पविराम मला भूक लागली आहे पूर्णविराम." ही सवय तिच्या जिभेत इतकी मुरली होती की दारावर आलेली पत्रेही ती तशीच वाची. छापखान्याचे मालक म्हणत, "हे दोघं बसले की पुस्तकात चूक औषधालाही सापडत नाही." थंडीच्या सकाळी मी तापलो की बाबा माझ्यावर हात शेकून घेत. काका ज्याला अवगुण म्हणतात ना, तो हा!

किती सुखाचे दिवस होते ते. पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही.

बाबांच्या गळ्याला आजार झाला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण त्यासाठी आवाज काढून घ्यावा लागला. बाबा घरी आले आणि घर मुके झाले. आई भांडीसुद्धा हळू ठेवू लागली. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी बाबा टेबलाशी येऊन बसले, मला उताणे ठेवले आणि खालच्या पडद्यावर बोटे चालवू लागले. अक्षरे वर, आईसमोर उमटली. आईने सवयीने मोठ्याने वाचले.

"चहात साखर कमी आहे पूर्णविराम तुझं लक्ष कुठे असतं प्रश्नचिन्ह."

आपल्याच तोंडाने आपल्यालाच टोमणा मारला, हे तिच्या मागाहून ध्यानात आले. "अगं बाई!" म्हणून ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. बाबांचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, पण ते हसत होते. त्या दिवसापासून बाबा आईच्या तोंडून बोलू लागले. ते भांडत, तेही तिच्याच तोंडून. सांगा बरे मित्रांनो, एका पडद्याच्या लॅपटॉपला हे साधले असते का?

आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. बाबांची बोटे थरथरत, म्हणून मुलीने खालच्या पडद्यावरची बटणे इतकी मोठी केली होती की तिथे दुसरे काही दिसायला जागाच उरली नव्हती. लिहिलेले फक्त वर दिसे, आईला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या त्या माणसाला स्वतःचे अक्षर दिसत नसे. ते उमटले की नाही, हे त्यांना आईच्या आवाजावरूनच कळे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, हे पान मी साठवून ठेवत नसे. वीज गेली की ते पुसले जाई. मुलीने एकदा विचारले होते, "जपून ठेवू का, बाबा?" तेव्हा त्यांनी लिहिले होते, "बोलणं कुणी साठवतं का, वेडे?"

आजार परत आला. बाबांना दवाखान्यात ठेवले. आई मला कापडी पिशवीत घालून जिना चढली. मी जड, तिने तीनदा हात बदलला, पण मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नाही. खाटेजवळ विजेचे एकच सॉकेट होते. त्यावर औषधाचे यंत्र लावलेले. मला चार्जिंगला जागा नव्हती.

दुपारची वेळ. बाबा झोपले होते. आई दोन घास खायला घरी गेली होती. मुलीने पाहिले, माझ्यात जेमतेम नऊ टक्के उरले होते. तिने शहाणपणानेच विचार केला. दोन पडदे कशाला जाळायचे? बाबा उठले की लावू. तिने वरचा पडदा बंद केला. इतक्यात नर्सने तिच्या हाती औषधाची चिठ्ठी दिली आणि ती खाली गेली. खाली रांग होती.

तेवढ्यात आई आली. नर्स तिला म्हणाली, "मावशी, औषधाची गुंगी आहे. हात हलवतील, घाबरू नका."

बाबांनी डोळे उघडले. आई दिसली. त्यांचा हात माझ्याकडे आला. मित्रांनो, त्यांची बोटे काचेवर फिरली आणि मी एकेक अक्षर उचलून वर पाठवू लागलो.

"आलीस? जेवलीस का? खोटं नको सांगूस."

वरचा पडदा काळा होता. तो मुलीने बंद केला आहे, हे आईला ठाऊक नव्हते. आईला वाटले, काही उमटत नाही म्हणजे काही लिहिलेलेच नाही, नुसती गुंगीतली बोटे आहेत. तिने त्यांचे पांघरूण सारखे केले. बाबा तिच्या ओठांकडे पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ती वाचत नव्हती.

"वाच ना."

ती वाकली. त्यांना पाणी हवे असेल, असे समजून तिने चमच्याने पाणी पाजले. त्यांनी पाणी घेतले. बोटे पुन्हा आली.

"वाच ना गं. तुझा आवाज ऐकू दे."

मला कंठ असता तर मी दवाखाना दणाणून सोडला असता. पण मी यंत्र. दिले तेवढेच करणार. माझ्यात एक टक्का उरला होता.

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग अगदी सावकाश लिहिले.

"बरं, राहू दे. दमली असशील. नुसती जवळ बस."

आईने त्यांची ती बोटे माझ्यावरून अलगद उचलली, आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि स्टूल ओढून खाटेला लावून बसली. तेवढ्यात मी विझलो. पुढचे मी पाहिले नाही, मागाहून ऐकले. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, बाबा गेले.

घरी माणसे भेटायला येत. पिशवीत पडल्यापडल्या मी आईचे एकच वाक्य ऐकत असे. "एवढा बोलका माणूस, पण जाताना माझ्याशी एक अक्षर बोलला नाही हो."

महिन्याभराने मुलीने मला चार्जिंगला लावले. खालचा पडदा उजळला, वरचा काळाच राहिला. दवाखान्यात तो तिनेच बंद केला होता आणि पुन्हा लावलाच नव्हता. तिला सगळे आठवले. त्याच दिवशी ती मला या दुकानात घेऊन आली.

"काका, यात पुसलेलं परत येईल का? दोन ओळी असल्या तरी चालतील."

काकांनी दोन दिवस खटपट केली. "नाही हो ताई. जे साठवलंच नाही, ते शोधू कुठे?"

"मग इथेच राहू दे. आईसमोर हा उघडायची माझी हिंमत नाही."

तिने आईला खरे सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. तिचा दोष तरी कसा म्हणू? तिने काळजीपोटीच केले. आणि काकांनीही मला टाकले नाही, एवढे खरे. पण अजून कुणी गुणदोष विचारले की मला ती दुपार आठवते.

म्हणून मित्रांनो, दोन पडद्यांचा लॅपटॉप घ्या किंवा घेऊ नका. ते तुमची वडीलधारी माणसे आणि दुकानदार पाहून घेतील. पण समोरच्या माणसाची बोटे हलताना दिसली, ओठ हलताना दिसले, तर 'काही नाही, उगीच' असे म्हणू नका. त्याचे बोलणे तुमच्यापर्यंत पोहोचते आहे ना, एवढे वाकून पाहा.

आणि आता माझे मागणे. कधी तुम्हाला एखादी वृद्ध बाई भेटेल. दुकानाची पाटीसुद्धा ती मोठ्याने वाचत असेल आणि वाचताना "पूर्णविराम" म्हणत असेल. तिचा हात धरा आणि तिला सांगा, "आजी, ते बोलले होते. आणि शेवटी त्यांनी जे मागितलं, ते तुम्ही न वाचताच दिलंत." भेटली नाही, तर झोपण्यापूर्वी देवाचे नाव घ्याल तेव्हा तिची तेवढी आठवण ठेवा.