शिवेच्या वावरातलं बटण

देवानं माणसाला दोन कान दिले ते कीर्तन ऐकायला, असं मी आपलं मानतो. आमच्या भगवंतरावांनी मात्र त्या दोन्ही कानांवर हेडफोन चढवले आणि जमिनीचं ऐकायला लागले.

एसटीत मेकॅनिक म्हणून तीस वर्षं काढून ते गावी आले, तेव्हा लेकानं, किशोरनं, हौसेनं त्यांना एक यंत्र घेऊन दिलं. लांब दांडा, खाली ताटलीएवढं चाक, आणि मातीत धातू असला की कुंई करून ओरडणार. आमच्या तेल्हाऱ्याच्या बाजूला, अडगावच्या शिवारात, दोनशेच्या वर वर्षांमागं इंग्रजांची आणि मराठ्यांची मोठी लढाई झाली. आमचं गाव तिथून फार लांब नाही.

"फौजा काय आभायातून आल्या व्हत्या?" भगवंतराव म्हणायचे. "आपल्याच वावरावरून गेल्या असतीन. घोडे गेले, तोफा गेल्या. एखादं बटन तं पडलं असन न, गजेंद्रा!"

नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. सरपंचांच्या मागे लागून त्यांनी मंदिराच्या सभामंडपात काचेचं एक कपाट मिळवलं आणि त्यावर स्वतःच्या हातानं रंगवलं : 'लढाईचे अवशेष'. दोन वर्षं झाली, कपाट रिकामं. आम्ही भजनी मंडळवाले रोज त्याच्याकडे पाहायचो. आमचे टाळ पोत्यात, पोतं उंदरांच्या हवाली. शेवटी सरपंचांनी निवाडा केला : काकड्याच्या समाप्तीपर्यंत कपाटात काही आलं तर भगवंतरावांचं, नाही तर मंडळाचं. मंडळाचा अध्यक्ष मीच. मित्राचं वाईट चिंतू नये हे कळतं मला, पण टाळांना गंज चढत होता हो!

दोन वर्षांत त्यांना सापडलं ते सांगतो. बैलांचे नाल, नांगराचा तुटका फाळ, सायकलचं पायडल, गुटख्याच्या असंख्य पुड्या आणि एक सोळा नंबरचा पाना. तो पाना त्यांचाच निघाला.

"लय हुशार मशीन हाय," पार्वताबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, विहिरीवर सांगत होत्या. "ह्यायनं हरपलेलं ह्यायलेच सापडून देते."

सोयाबीन निघालं आणि हरभरा पेरायला आठ दिवस राहिले. किशोर ट्रॅक्टर घेऊन तयारच. तेवढ्या आठ दिवसांत शिवेचं वावर, म्हणजे दोन गावांच्या हद्दीवरचं त्यांचं शेत, पालथं घालायचं होतं. आमची काळी माती मोठी लबाड. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वरची वस्तू खाली जाते. पावसात फुगते, खालची वर येते. कालची आणि दोनशे वर्षांपूर्वीची वस्तू शेजारी-शेजारी झोपलेली असते. खोलीवरून वय सांगता येत नाही, हे भगवंतरावांनीच मला शिकवलेलं.

सहाव्या दिवशी मी सोबत होतो. यंत्र ओरडलं. ते खुरपी घेऊन गुडघ्यावर बसले, ढेकूळ फोडलं आणि बोटांत एक पितळी बटण आलं. अंगठ्यावर थुंकी लावून पुसलं तर वर सिंहाचं तोंड!

"इंग्रजाचा सिंह!" ते ओरडले. मग खिशातली पक्कड काढून त्यांनी बटणाच्या मागच्या कडीतून काहीतरी ओढून काढलं आणि खिशात टाकलं.

"काय व्हतं?"

"कायी नाई. मुळी व्हती."

सापडलेली वस्तू तहसीलात कळवावी लागते हे त्यांना ठाऊक होतं. अर्जाचा कागदही त्यांनी दोन वर्षांपूर्वीच आणून ठेवला होता. पण "समाप्ती झाली का जातो" म्हणाले. बटण लिंबानं घासून लख्ख केलं आणि कपाटात जाईपर्यंत घराच्या ओट्यावर ताटात मांडलं. पाहायला रांग लागली. मी जड मनानं नमस्कार केला. बटणाला नव्हे, मनातल्या मनात कपाटाला.

समाप्तीच्या आदल्या दिवशी दुपारी चारला कीर्तन होतं. अकोल्याच्या गीतांजलीताई येणार होत्या. ताईंचं कीर्तन म्हणजे काय सांगू! पूर्वरंगात त्या असं निरूपण करतात की आपलंच पितळ उघडं पडावं, आणि उत्तररंगाची कथा अशी रंगवतात की चहाचं पातेलं उतू गेलेलं कुणाला कळू नये. भगवंतरावांनी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. "मी हेच बटण उत्तररंगात घेते," ताई म्हणाल्या. त्या दिवशी भगवंतराव जेवले नाहीत, नुसते हसत होते.

कीर्तनाच्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई आल्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरीच असतात. मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो.

"जयभीम, भाऊ. दाखवा बरं तुमचं बटन."

त्यांनी ते उचललं, पुढून पाहिलंच नाही. पालथं करून कडी पाहिली. मग हळूच विचारलं, "तार कुठी गेली?"

भगवंतरावांच्या हातातली बशी कलंडली.

"कोन्ती तार?"

"तांब्याची. हे कडी तुटेल व्हती. आमच्या घरच्यायनं मोटरीची जळेल तार आनली अन् म्याच वेढा मारून बसवली. चार वेढे." देवमन, म्हणजे त्यांचे यजमान, बँड पार्टीत कॉर्नेट वाजवायचे. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. "तुमच्या लग्नात तुटलं, भाऊ. सीमांतपूजनाच्या वक्ती. याच वावरात."

ते लग्न मलाही आठवतं. पार्वताबाई शिवेपलीकडच्या गावच्या. नवरदेवाची पूजा शिवेवर व्हायची होती. मुलीकडचे म्हणाले, तुम्ही एक पाऊल इकडे या. आमचे म्हणाले, आधी तुम्ही या. चैतातल्या उन्हात एक तास दोन्ही फौजा समोरासमोर. शेवटी पार्वताबाईंच्या मामांनी "आधी तो बाजा बंद करा" म्हणून देवमनचा कोट धरला, आणि मग काय झालं ते ज्याचं त्याला माहीत. नवरदेव घोड्यावर, बाशिंगाआड. त्यांना काही दिसलं नव्हतं.

भगवंतरावांनी खिशात हात घालून तारेचा तुकडा काढला. जन्मभर मोटारी उघडणारा माणूस. वाइंडिंगची तार त्यांनी ओळखली नसेल? पहिल्याच दिवशी ओळखली होती.

"बाई," ते म्हणाले, "आज कीर्तन हाय. ताई आख्यान लावून येऊन राहिल्या. गाव..."

"मी कायले सांगू कोनाले?" मनकर्णाबाईंनी बटण ताटात ठेवलं. "सापडलं तुमाले. सांगायचं तं तुमीच सांगा."

त्या गेल्या. भगवंतराव माझ्याकडे पाहायला लागले. कपाट माझं होत होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. उघडणं बरं दिसलं नसतं.

चारला सभामंडप गच्च. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, गजर झाला. ताईंनी बटण तळहातावर धरलं आणि उत्तररंग लावला. परमुलखातला कोवळा शिपाई, त्याची म्हातारी आई, तिनं शिवलेलं बटण. बायकांनी पदर डोळ्याला लावले. मृदंगवाला तर हुंदके देत ठेका धरत होता. ताई एक पाऊल पुढे आल्या, आवाज खाली आणला.

"कोण होता हो या बटणाचा धनी? कोणाचा लेक? कोण त्याची वाट पाहत बसलं होतं?"

अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. आपण 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायचं. आम्ही टाळ उचललेच होते, तोच भगवंतराव उभे राहिले. टोपी हातात.

"देवमन, ताई."

"कोण?"

"देवमन कॉर्नेटवाले. माह्या लग्नात बटन तुटलं. बटनाले मोटरीची तार व्हती. म्या ओढून काढली अन् लपवली." ते टोपीनं घाम पुसत म्हणाले, "इंग्रज नाई कोनी. चुकलं माहं."

माझ्या मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, आता ताईंचं कीर्तन बसलं. पण गुरुघरी शिकलेली बाई ती! तिनं वीणेकरी बुवांकडे पाहिलं, चिपळ्या वाजवल्या.

"म्हणजे लढाई झालीच होती तर! सांगा भगवंतराव, फौज किती?"

"आमच्याकडून तीन ट्रक," भगवंतराव चाचरत म्हणाले.

"अन् आमच्याकडून दोनशे माणूस अन् एक मामा!" बायकांतून पार्वताबाई ओरडल्या.

"भांडणाचं कारण?"

"एक पाऊल!"

"हरलं कोण?"

"ते काय समोर उभे हायेत न!" पार्वताबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं.

मंडप जो हसला, तो हसतच राहिला. आणि त्या हसण्यावरच ताईंनी निरूपण उभं केलं. आधी पाऊल कोणी टाकायचं यावर माणूस जन्म घालवतो. आज या माणसानं भर मंडपात, कोणी न सांगता, पहिलं पाऊल टाकलं. मग गजर असा लागला की माझ्या टाळाची दोरी तुटली.

कीर्तन उठल्यावर भगवंतरावांनी कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घे. हरलो."

दुसऱ्या दिवशी ते बटण घेऊन मनकर्णाबाईंकडे निघाले. एकट्याला धीर होईना, म्हणून मला नेलं.

"आयकलं मी भोंग्यावरून," त्या म्हणाल्या. "आख्ख्या गावानं आयकलं."

"हे तुमचं, बाई. ठेवा."

"कोट कवाचा गेला. डबीत घालून एकटीनं पाहू काय? कपाटात ठेवा."

"कपाट आता मंडळाचं झालं," मी म्हणालो, जरा घाईनंच.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी किल्ली काढून भगवंतरावांना दिली.

"पन चिठ्ठी मी सांगीन तशी लिवा," मनकर्णाबाई म्हणाल्या. भगवंतरावांनी चष्मा लावला, मांडीवर कागद घेतला. "लिवा, देवमन. कॉर्नेट. भगवंतरावच्या लग्नात." त्या थांबल्या. "त्या दिवसापासून बँडच्या मास्तरनं त्यायले मागच्या लायनीत उभं केलं. उघड्या कोटाचा मानूस पुढं चांगला नाई दिसत, म्हने. आखरीपर्यंत मागंच वाजवलं त्यायनं. कोनाले बोलले नाई."

भगवंतरावांची लेखणी तशीच राहिली.

"लिवा न, भाऊ," त्या म्हणाल्या. "पयल्या लायनीत वाजवे."