खालचा डोह

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं आणि पावसानं पाठ फिरवून तिसरं. ज्या गावाला काल-परवापर्यंत कुणी विचारत नव्हतं तिथं कचेऱ्या उठत होत्या, साहेब लोकांच्या जीपा धुरळा उडवत फिरत होत्या, आणि त्याच रस्त्यांच्या कडेला बाया पहाटेपासून घागरी मांडून टँकरची वाट बघत बसत होत्या.

जगदेवीची जमीन शहराबाहेर औसा रस्त्याला होती. चार एकर, निव्वळ बरड. तिचा नवरा रेवणप्पा कापडाचा दुकानदार. त्यानं ती जमीन बायकोच्या नावावर घेतली तेव्हा सगळी पेठ हसली होती, कारण तिथं कुसळंसुद्धा धड उगवत नव्हती. पुढं रेवणप्पाला कावीळ झाली आणि आठ दिवसांत माणूस गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला त्याच्याच रानात बसवून माती दिली, वर दगडी चौथरा बांधला. वर्ष उलटलं नाही तोच त्या बरडाच्या अंगावरून नव्या कचेरीचा रस्ता आखला गेला, आणि हसणारी माणसं जगदेवीला दारात थांबून रामराम घालू लागली.

घरात आता तिघंच उरली होती. जगदेवी, धाकटा दीर विरूपाक्ष आणि त्याची बायको रुद्राणी. विरूपाक्ष नऊ वर्षांचा असताना सासू वारली. जगदेवीच्या पोटी काही नव्हतं, तेव्हा तिनं ह्यालाच न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, नांदेडला कॉलेजात ठेवलं. आता तो कंत्राटं घेत होता. बरडाचे प्लॉट पाडायचे त्यानं केव्हाच ठरवलं होतं, फक्त वैनीची सही तेवढी हवी होती. त्यानं तीनदा विचारलं आणि तीनदा ती नाही म्हणाली. चौथरा तिथून हलवून दुसरीकडं बांधू, असंही त्यानं सुचवलं. त्यावर ती नुसती उठून आत गेली. त्यानंतर महिनाभर त्यानं जमिनीचं नाव काढलं नाही.

मग वैशाखात एके दिवशी तो जेवताना म्हणाला, की वैनी, तुम्हाला गंगेवर नेतो, नावेत बसवतो.

जगदेवीचा घास हातातच राहिला. तिचं माहेर उमरीकडचं. लहानपणी आजोळी गेली की ती गोदावरीच्या, म्हणजे त्यांच्या गंगेच्या, काठावर उभी राहून शिडाच्या नावा बघत असे. पोरींना नावेत कोण बसवणार? ही गोष्ट तिनं कधीतरी, विरूपाक्ष तापानं फणफणला होता तेव्हा त्याच्या उशाशी बसून सांगितली होती. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि पोरानं ती ध्यानात ठेवली. तिला भरून आलं.

निघायच्या सकाळी रुद्राणीनं जगदेवीच्या गळ्यातली सोन्याची साखळी मागून घेतली. प्रवासात नको, म्हणाली. घेताना तिचे हात थरथरत होते. मग ती पाया पडायला वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही. जगदेवीला वाटलं, हिला दिवस गेले असतील. येताना काहीतरी आंबटचिंबट आणायचं तिनं मनाशी ठरवलं.

अहमदपूरला एस.टी. स्टँडसमोर विरूपाक्षनं जीप उभी केली. मोंढ्यातला आडत्या माणिकप्पा तिथं चहा पीत उभा होता, नात्यातलाच माणूस. जगदेवी जीपमध्येच बसून राहिली. दोघं जरा बाजूला जाऊन बोलत होते, पण वारा तिच्याकडं वाहत होता.

"दादा गेल्यापासून वैनीचं मन थाऱ्यावर न्हाई," विरूपाक्ष सांगत होता. "रातंदिस गंगेचं नाव घेत्यात. मला लई भ्या वाटतं, काका."

माणिकप्पानं मान हलवत जीपकडं पाहिलं, आजारी माणसाकडं पाहावं तसं. जगदेवीनं पदर सारखा केला. आपण गंगेचं नाव कधी घेतलं, हे तिला आठवेना. पण पोराला काळजी वाटते, ह्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? तिनं स्वतःची समजूत घातली. तरी नांदेड येईपर्यंत ते वाक्य तिच्या कानात कुसळासारखं टोचत राहिलं.

नांदेडला पोचेपर्यंत उन्हं कलायला आली होती. नदी बघून जगदेवी चरकलीच. जागोजाग वाळूचे पांढरे ढिगारे उघडे पडले होते. शहराला लागून बंधाऱ्यानं अडवलेलं तेवढं एक लांबट पाणी होतं, हिरवं, जड, न हलणारं. घाटावर रामकिशन नावाचा म्हातारा भोई बसला होता. त्याच्या नावेला जुन्या धोतरांची ठिगळं जोडून केलेलं शीड होतं. विरूपाक्षला नाव हवी होती, पण नावाडी नको होता. घरचीच दोघं जाणार, कॉलेजात असताना मी ह्याच पाण्यात नाव चालवायला शिकलो, असं तो सांगत होता. रामकिशननं बरेच आढेवेढे घेतले. शेवटी विरूपाक्षनं त्याच्या मुठीत काय कोंबलं ते दिसलं नाही, पण म्हातारा गप्प झाला. नाव सोडताना मात्र तो विरूपाक्षकडं न बघता जगदेवीला म्हणाला, "माय, पवता येतंय का तुमाला?"

ती हसून नाही म्हणाली.

"मंग मधी बसा. कडंला जाऊ नका." आणि दोराची गाठ सोडता सोडता तो पुटपुटला, की हा वारा खाली नेईल, पण परत आणणार नाही.

शीड भरलं. जगदेवीला ते आधी कळलंच नाही. घाट मागं सरकायला लागला तेव्हा कळलं. वल्ही नाहीत, आवाज नाही, नुसतं कापड फुगलंय आणि आपण चाललोय. ती लहान पोरीसारखी हरखली. धुण्याचे दगड गेले, डुंबणाऱ्या म्हशी गेल्या, दूरवर गुरुद्वाऱ्याचा कळस उन्हात चमकून घरांमागं बुडाला. मसणवट्यात एक चिता नुकती विझत होती. तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग काठावरची घरं विरळ झाली आणि शेवटी नुसत्या बाभळी राहिल्या.

विरूपाक्ष मागं सुकाणूपाशी बसला होता. तिनं वळून पाहिलं तर तो तिच्याकडं नाही, काठाकडं बघत होता. आधी ह्या काठाकडं, मग त्या. मग त्यानं अगदी मऊ आवाजात विचारलं, की सहीचं काही मनात आलं का?

"तुझा भाऊ हाय तिथं, विरू," ती म्हणाली.

"आता मातीच हाय ती, वैनी."

"व्हय. म्हणूनच."

त्यानं मान डोलावली, जणू त्याला हेच उत्तर हवं होतं. मग तो खालच्या डोहाची गोष्ट सांगू लागला. कॉलेजातली पोरं तिथं पोहायला यायची. सात बाजांचं सुंभ जोडून सोडलं तरी तळ लागत नाही, असं लोक म्हणायचे. एक पोरगा त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला, तीन दिवस सापडला नाही. आधी दोनदा वर आला, मग आला नाही. विरूपाक्ष हे एखाद्या गावाचा रस्ता सांगावा तसं सांगत होता. जगदेवीनं त्याला, हे कशाला सांगतोस रे, असं म्हटलं. उठून त्यानं शीड उतरवलं.

नाव थबकली. एका बाजूला काळ्या खडकाचा कडा होता, दुसऱ्या बाजूला दूर वाळू. वाऱ्याचा आवाजही त्या कड्याआड थांबला होता. पाणी गढूळ हिरवं होतं, आत बोटभरसुद्धा दिसत नव्हतं.

"उठा वैनी, हिकडं या. कड्यावर महादेवाचं ठाणं हाय, दिसतं बघा हितून."

ती उठली, नावेच्या कडेला आली. कड्यावर काहीच नव्हतं, नुसता तडकलेला दगड. आणि तिथं उभ्या उभ्या तिच्या मनात गोष्टी एकामागून एक येऊन बसल्या. रुद्राणीचे थरथरते हात. माणिकप्पाची ती नजर. रातंदिस गंगेचं नाव. तिला पोर नाही, ती गेली तर बरड कुणाचं? कुणी विचारलं तर अहमदपूरचा माणूस शपथेवर सांगेल, की बाईचं मन थाऱ्यावर नव्हतं.

ती वळली. तो अगदी जवळ उभा होता.

"विरू," एवढंच ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले आणि ढकललं.

तिनं पडता पडता त्याची बाही धरली. अरुंद नाव एका अंगावर झाली आणि दोघंही पाण्यात गेली. डोक्यावरून पाणी गेलं, नाकातोंडात चिखलाची चव आली, लुगडं पायांना गुंडाळलं. संपलं, असं तिला वाटलं. रेवणप्पाचा चेहरा आठवायचा तिनं प्रयत्न केला, तर आठवला त्याचा चौथरा. मग तिची टाच कशात तरी रुतली. तिनं दुसरा पाय टेकवला. तोही टेकला. ती उभी राहिली.

पाणी तिच्या छातीशी होतं.

तीन वर्षांच्या दुष्काळानं डोह आटवला होता आणि उरल्यासुरल्या जागी गाळ भरला होता. चार हातांवर विरूपाक्ष सपासप हात मारत होता. त्याचा गुडघा तळाला घासला, तसा तोही थांबला आणि उठून उभा राहिला. त्याच्या तर कमरेलाच पाणी होतं. डोळ्यांवरचे केस मागं सारून त्यानं तिच्याकडं पाहिलं. इतका गोंधळलेला चेहरा तिनं त्याच्या लहानपणानंतर पाहिला नव्हता.

कितीतरी वेळ दोघं तशीच उभी राहिली. उलटी नाव हळूहळू लांब जात होती. त्यानं पुन्हा ह्या काठाकडं पाहिलं, त्या काठाकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्यानं तिच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

जगदेवी जागची हलली नाही. पळून जाणार तरी कुठं होती? तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, इतका शांत.

"पानी कमी हाय, विरू. आता तुला हातानं दाबावं लागंल."

तो थांबला. त्याचे हात पाण्याबाहेर होते, बोटं वाकलेली. ती त्या हातांकडं बघत होती. ह्याच हातांत तिनं पाटीवरची पेन्सिल धरून दिली होती. ते तिला आठवलं, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. बोलून काही उपयोग होईल असं तिला वाटलं नाही.

मग तिनं आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट केली. त्याच्याकडं पाठ केली आणि वाळूच्या दिशेनं चालू लागली.

गाळातून एक एक पाय उपटावा लागत होता. मागं पाणी हललं की तिची मान आपोआप आखडायची. आता येईल. ह्या पावलाला येईल. पाणी छातीवरून पोटाशी आलं, पोटावरून गुडघ्याशी आलं. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. वाळूवर आल्यावर मात्र ती हातागुडघ्यांवर रांगत पुढं गेली. मग वळली. तो तिथंच उभा होता, तसाच, कमरेइतक्या पाण्यात, खडकासारखा.

वाळूत पलीकडं खरबुजांचे मळे होते. तिथल्या झोपडीतून तारामती नावाची बाई धावत आली. तिनं जगदेवीला आपलं कोरडं लुगडं दिलं, चुलीपाशी बसवलं. नाव उलटली, एवढंच जगदेवीनं सांगितलं. बरोबर कुणी होतं का, असं तारामतीनं विचारलं. जगदेवी म्हणाली, व्हतं, पर त्याला पवता येतंय.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एस.टी.नं निघाली आणि लातूरच्या आधी अहमदपूरला उतरली. मोंढ्यात माणिकप्पाच्या आडतीवर चार माणसं बसली होती. दुसऱ्याचं लुगडं नेसलेली, चिखलानं पायांच्या भेगा भरलेली जगदेवी त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं माणिकप्पाला आपल्या आजेसासऱ्याचं नाव सांगितलं, जमिनीचा गट नंबर सांगितला, त्या दिवशीची तिथी आणि वार सांगितला.

"काका, माझं मन थाऱ्यावर हाय," ती म्हणाली. "ह्या चौघांच्या म्होरं बघून घ्या. पुढं कुनी इचारलं तर तुमाला सांगता यायला पायजे."

माणिकप्पाच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला, आणि त्यानं उठून तिला आपल्या गादीवर बसवलं. त्याच आठवड्यात त्याला साक्षीला घेऊन तिनं कचेरीत दानपत्र केलं. चारही एकर लिंगायत समाजाला, रुद्रभूमीसाठी. नव्या शहरात माती द्यायला लोकांना जागा मिळेनाशी झाली होती. जिथं माणसं पुरली गेली तिथं प्लॉट कोण घेणार? सोन्यासारखी जमीन मेलेल्यांना दिली, बाईचं खरंच डोकं फिरलंय, असं पेठेत लोक म्हणाले. पण ते म्हणून आता कुणाच्या पदरात काही पडणार नव्हतं.

पोलिसांत ती गेली नाही. का गेली नाही, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. तिनं फक्त ते घर सोडलं आणि बरडाच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली बांधून राहिली. वर्षभरात तिथं नऊ चौथरे झाले. माती द्यायला आलेल्या लोकांना ती पाणी देई.

विरूपाक्षची जीप कधीमधी त्या रस्त्यानं जाई. तिच्या खोलीसमोर आली की हळू होई, अगदी थांबल्यासारखी, आणि मग पुढं जाई. एकदा मात्र ती खरोखरच थांबली. विरूपाक्ष खाली उतरला, कुंपणाशी येऊन उभा राहिला. वाळला होता. दुपारची वेळ होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

जगदेवी ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि ह्या वेळी त्याच्याकडं पाठ न करता, भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत बसली. तो काही बोलेल म्हणून ती थांबली. त्याची नजर एकेका चौथऱ्यावरून फिरत फिरत तिच्यावर आली आणि तिथंच थांबली.

तो गेल्यावरही ती बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती, धुरळा पुरता खाली बसेपर्यंत.