एकेचाळीस टक्के राख

खाणीतला कोळसा वीजघराकडे जाण्याआधी ताई कामाला होती त्या कारखान्यात धुतला जायचा. लोहखनिजाची बारीक पूड मिसळून जड केलेल्या पाण्यात कोळसा तरंगतो, दगड आणि गंधकाचे खडे तळाला बसतात. धुतलेल्या कोळशात राख किती उरली, हे तपासायचं काम ताईचं. चिमूटभर भुकटी भट्टीत जाळायची, उरलेली राख तोलायची, आकडा वहीत लिहायचा. अठरा वर्षं ती हेच करत होती.

तिचा धाकटा भाऊ वीजघरात बॉयलरवर होता. "लहानपणी मी तुझ्या हातचं खाल्लं," तो म्हणायचा, "आता माझा बॉयलरही खातोय."

एक दिवस धुलाईचा मोठा पंप बंद पडला. सुटा भाग यायला दोन महिने लागणार होते. गाड्या मात्र थांबल्या नाहीत. कोळसा न धुताच जाऊ लागला. राख चौतीस टक्क्यांच्या वर जायला नको होती. ताईच्या तराजूवर एकेचाळीस भरली. तिने पुन्हा जाळून पाहिलं. एकेचाळीसच.

ती साहेबांकडे गेली.

"चौतीस लिहा," साहेब म्हणाले.

"भट्टी खोटं बोलत नाही, साहेब."

"भट्टीला विचारतंय कोण? वीजघर बंद पडलं, तर तुमची वही पेटवून शहरात उजेड पाडणार आहात का?"

ताईने चौतीसच्या दाखल्यावर सही केली नाही. साहेबांनी तिच्या सहायकाची घेतली. गाड्या सुटल्या.

तिने भावाला फोन केला. "अरे, कच्चा कोळसा येतोय. जपून राहा."

"कळतंय गं. नळ्यांवर वाळू मारल्यासारखा आवाज येतो. आमच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, आलंय ते जाळा."

"मग रजा टाक."

"मी टाकली, तर दुसरा कुणी उभा राहील ना तिथे?"

तेविसाव्या दिवशी, भर दुपारी, राखेने झिजलेली नळी फुटली. वाफेने भावाचा उजवा हात आणि मान भाजून निघाली.

चौकशीला तिघे आले. ताईने वही पुढे केली.

"ही तर कच्ची वही," त्यातला एक म्हणाला. "सहीच्या कागदावर चौतीस आहे. नळी जुनी होती, बाई."

"मी पुन्हा जाळून दाखवते."

"कोळसा कुठाय?"

कोळसा केव्हाच जळून गेला होता.

तरी तिने वरच्या कचेरीसाठी तक्रार लिहिली आणि साक्षीदार म्हणून भावाची सही घ्यायला दवाखान्यात गेली. डाव्या हाताचा अंगठा दिला तरी चाललं असतं. त्याने कागद शेवटपर्यंत वाचला.

"ताई, हा पाठवू नकोस."

"का रे?"

"मला वीजघराच्या फाटकावर बसायचं काम देतो म्हणालेत. या हाताने दुसरं काय होणार माझ्याकडून? तू हे पाठवलंस, तर तेही जाईल."

"आणि तुझ्या जागी जो उभा असेल, त्याचं काय?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पायाशी बसलेली भावजय हलकेच म्हणाली, "ताई, तुमचं खरं आहे हो." पण तिनेही कागद उचलून ताईच्या हातात परत दिला.

तीन महिन्यांनी भाऊ फाटकावर बसू लागला. गाड्यांचे नंबर डाव्या हाताने लिहितो. अक्षर अजून वाकडं येतं. ताईने प्रयोगशाळेतून बदली मागितली होती. तुमच्यासारखं अनुभवी माणूस दुसरं नाही, असं सांगून साहेबांनी अर्ज परत केला.