अंतरा

"काका, बोटं हलवायलात तुमी. आता परत घ्यावं लागंल सगळं."

एमआरआयच्या बोगद्यात निकिताचा, मशीन चालवणाऱ्या मुलीचा आवाज आला. अप्पारावांनी मूठ आवळली. उजवा हात नकळत पेटी वाजवत होता.

अप्पाराव वालूरच्या शाळेत लिपिक. गावच्या भजनी मंडळाच्या चाली तेच बांधत, त्याही पेटीला हात न लावता. हजेरीपत्रकं तपासता तपासता चाल डोक्यात तयार होई. काळी एकच्या पट्टीत सुचलेली चाल मनातल्या मनात काळी चारला चढवून, कुणाचा गळा कुठं अडेल तेही ते आधीच ऐकत. पण डोकं दुखायला लागल्यापासून स्वतःच बांधलेल्या एका चालीचा अंतरा सापडेनासा झाला होता. मुखडा स्वच्छ वाजे. पुढं नुसते शब्द. डॉक्टरांना त्यांनी फक्त डोकेदुखी सांगितली होती.

मशीन पुन्हा ठोकायला लागलं. अप्पारावांनी मुखडा खालून धरला. मग चढवून पाहिला, मग अगदी संथ करून. अंतऱ्याच्या तोंडाशी येऊन तो तिथंच थांबला. हात मात्र त्यांनी हलू दिला नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. परभणीच्या बसस्टँडवर बाकावर टेकल्यावर ते बायकोला म्हणाले, "सुमंगला, माझ्या त्या चालीचा अंतरा म्हण बरं."

"अगबाई! इथं? तुमाला डोक्यात वाजतंय की सगळं."

"म्हण गं. हळू म्हण."

सुमंगलाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि गुणगुणायला लागल्या. मधेच सूर सपशेल घसरला. त्यांनी जीभ चावली, हसल्या आणि बोलणी खायच्या तयारीनं नवऱ्याकडं पाहिलं. सूर जराही उतरला की पेटी थांबवणारा माणूस हा.

"चुकलं न्हवं?"

अप्पाराव त्यांच्या ओठांकडं एकटक बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "बरोबर हाय."

सुमंगलाबाईंचं हसू ओठांवरच विरलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून म्हणते."

तोंडावरचा पदर त्यांनी काढला आणि मुखड्यापासून, खुल्या गळ्यानं सुरुवात केली. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. सुमंगलाबाई थांबल्या नाहीत.