मागच्या नोंदी

“गाजर, एकशे वीस ग्रॅम, उकडून पाणी काढलेलं,” थोरलीनं फोनमधल्या आहार नोंदवायच्या अ‍ॅपवरून मोठ्यानं वाचलं. “बटाटा, नव्वद ग्रॅम, उकडून पाणी काढलेला. लाल भोपळा शंभर, तोही तसाच. पाणी दोन वाट्या. लोणी अर्धा चमचा, मिरपूड. दोघांचं.”

समोर बसलेल्या आहारतज्ज्ञ बाई कागदावर एकेका पदार्थापुढे खूण करत होत्या. पाण्यापाशी त्यांचा हात थांबला.

“हे पाणी वरचं घेता?”

“वरचं कशाला? भाज्यांचंच. चाळणीखाली पातेलं ठेवते, त्यात उतरतं ते. मग भाज्या घोटून त्याच पाण्यात एक उकळी द्यायची.”

थोरलीनं हे जरा ऐटीतच सांगितलं. त्यांच्या घरात भाजीचं पाणी मोरीत ओतायची पद्धत नव्हती. आई होती तोवर तिनं ते कुणाला ओतू दिलं नव्हतं, सगळं सत्त्व त्यातच असतं म्हणायची. आई गेल्यावर स्वयंपाकघर थोरलीकडे आलं, तशी ही शिस्तही आली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. शाळेत अवघड गणित समजावतात तशा सावकाश बोलू लागल्या. भाजी उकडली की तिच्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला ते झेपत नाही, म्हणून तर पाणी टाकून द्यायला सांगायचं. ते पाणी पुन्हा सुपात आलं, तर एवढा खटाटोप फुकट. अ‍ॅपला यातलं काही कळत नाही. पाणी म्हटलं की त्याच्या लेखी ते नळाचं पाणी, म्हणजे शून्य.

थोरलीला ते एका दमात कळलं. ती काही अडाणी नव्हती. वाचनालयाच्या तळघरात बसून तेवीस वर्षं जुनी पुस्तकं बांधत होती, आणि पुठ्ठा सुताभर तिरका गेला तरी तिला चालत नसे. हीच नजर तिनं स्वयंपाकाला लावली होती. गाजराचं देठ काढल्यावर पुन्हा वजन करणारी बाई ती. फक्त पाणी कशासाठी काढायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

“हे सूप मी माझ्या वडिलांना द्यायचे,” ती म्हणाली. “दीड वर्ष.”

बाईंनी विचारलं, ते आता कसे आहेत.

“गेले. मागच्या वर्षी. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडलं म्हणाले.”

बाईंनी टेबलावरचा पाण्याचा पेला उगाच थोडा सरकवला. एकट्या सुपानं झालं असं कुणीच म्हणू शकणार नाही, त्या म्हणाल्या, मुळात मूत्रपिंडंच संपत आली असणार. थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. तिला पुढचं ऐकायचं होतं आणि नकोही होतं.

“पण भर पडली असेल,” बाई शेवटी म्हणाल्या.

मग कामाचं बोलणं निघालं. ही पाककृती आधी जशी करता तशी दुरुस्त करा, म्हणजे एका वाटीतून किती जातं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. नवी आपण पुढच्या खेपेला बसवू, असं बाईंनी सांगितलं आणि कुठे काय दाबायचं तेही दाखवलं. ‘पाणी काढलेलं’ खोडून ‘पाण्यासकट’ केलं, तसा पडद्यावर प्रश्न उमटला. ही पाककृती याआधी चारशे अकरा वेळा नोंदवलेली आहे, बदल कुठे करायचा? खाली दोन चौकोन होते. ‘फक्त यापुढे’ आणि ‘मागच्या नोंदींतही’.

बाई म्हणाल्या, “फक्त यापुढे दाबा. मागचं उकरून काय करायचंय.”

थोरली म्हणाली, नंतर करते. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि उठली.

हे अ‍ॅप मुळात धाकटीनं घेतलं होतं. थोरलीची ही एकुलती बहीण दुसऱ्या शहरात राहायची, गाडीनं सात तास. बाबांचा आजार कळला त्या आठवड्यात तिनं खातं उघडलं, दोघींच्या फोनवर एकच. इकडे थोरलीनं वाटी नोंदवली की तिकडे धाकटीला दिसायची. दिवस मर्यादेत गेला की तारीख हिरवी, वर गेला की लाल. थोरलीनं एकेक करत छप्पन्न पाककृती त्यात साठवल्या. तारखा हिरव्याच्या हिरव्या जात होत्या आणि अ‍ॅप मधूनमधून तिची पाठ थोपटत होतं: सलग एकवीस दिवस, शाब्बास. ती ते बाबांना वाचून दाखवायची. बाबा हातातलं घड्याळ उघडं ठेवून म्हणायचे, मला नाही कधी कुणी शाब्बास म्हटलं.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर त्यांची घड्याळं धाकटीकडे गेली आणि मूत्रपिंडं थोरलीच्या वाट्याला आली, हे तिला दोन महिन्यांपूर्वी कळलं. आजार रक्तातूनच आलेला. डॉक्टरांनी खाल्लेलं सगळं नोंदवायला सांगितलं, तेव्हा तिनं तेच जुनं खातं उघडलं. तयार पाककृती कशाला वाया घालवायच्या? परवाच तिनं बाबांचं वय आणि वजन खोडून आपलं घातलं होतं. पलीकडच्या फोनवर ते दिसत असेल, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण धाकटी आता ते उघडत असेल असं तिला वाटत नव्हतं.

दोघींत चौदा महिन्यांचा अबोला होता. शेवटच्या आठवड्यात बाबा हट्टानं धाकटीकडे चार दिवस राहून आले. परतल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात काका, दोन्ही आत्या आणि धाकटीच्या नवऱ्यादेखत थोरली म्हणाली होती, दीड वर्ष मी त्यांना जपलं, हिच्याकडे चार दिवस काय राहिले आणि हे झालं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. तिच्याकडे बोलायला काही नाहीच, असा थोरलीनं त्याचा अर्थ घेतला. पुढे आत्याही तेच म्हणत राहिल्या, आणि खापर फुटायचं तिथे फुटलं.

आहारतज्ज्ञ बाईंकडून निघालेली थोरली तडक कामावर गेली. तळघरात सरसाचा वास भरून राहिला होता. टेबलावर एक जाडजूड शब्दकोश पाठ उसवून पडला होता, त्यातली सोळा पानं आधीच्या कुणीतरी उलटी शिवली होती. असलं काही दिसलं की थोरलीचं डोकं फिरायचं. वरून कागद चिकटवून चूक झाकणाऱ्या माणसांना ती तोंडावर नावं ठेवायची. तिनं सुई घेतली, दोन टाके उसवले आणि सुई ठेवून दिली.

तिनं फोन काढला. प्रश्न तसाच होता.

‘फक्त यापुढे’ दाबलं की झालं. बाईंनीही तेच सांगितलं होतं. बाबांचं दीड वर्ष हिरवं राहील, व्हरांड्यातलं बोलणं खरं राहील, आणि कुणाला काही कळणार नाही. बाबांनी काय खाल्लं ते काही त्यानं बदलणार नव्हतं. थोरली बराच वेळ अंगठा काचेपासून बोटभर वर धरून बसली. तिला धाकटीवरचा राग आठवून बघायचा होता, पण तो हवा तेवढा येईना. उलट धाकटीचीच भीती वाटत होती. तिनं ‘मागच्या नोंदींतही’ दाबलं.

अ‍ॅपनं क्षणभर विचार केला आणि बाबांचे महिने एकामागून एक लाल होत गेले. ती मागे मागे जात राहिली. एकवीस दिवसांची शाबासकी नाहीशी झाली होती. आजारपणातला तो बरा गेलेला हिवाळा, ज्यात बाबा जिना उतरून फिरायला जायचे, तोही लाल. मग ती शेवटाकडे आली. शेवटच्या दिवशी सुपाच्या दोन वाट्या होत्या. परतल्यापासून त्यांनी सुपाचाच लकडा लावला होता आणि एका वाटीवर भागलं नव्हतं. तिलाच किती आनंद झाला होता त्याचा.

त्या लाल ओळीत चार तारखा मात्र हिरव्या राहिल्या होत्या. धाकटीकडचे चार दिवस. थोरलीनं ते कधी उघडूनही पाहिले नव्हते. आता तिनं पाहिले. भोपळा, पाणी ओतून देऊन. बटाटा, दोनदा पाणी बदलून. चारही दिवस सगळं नीट लिहिलेलं, तिच्यासारखंच ग्रॅमपर्यंत.

तिनं त्या दिवशी पुढे काही शिवलं नाही.

संध्याकाळी ती घरी येऊन अजून चप्पलही काढत नाही तोच फोन वाजला. पडद्यावर इतक्या दिवसांनी धाकटीचं नाव होतं. आता ऐकून घ्यायचं, तिनं मनाशी ठरवलं, उलट एक अक्षर बोलायचं नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

“ताई,” धाकटी म्हणाली. आवाज सर्दी झाल्यासारखा होता. “वय बदललंय त्यात. वजनही. तुझं आहे का ते?”

“हो.”

“कधी कळलं?”

दोन महिने झाले, थोरलीनं सांगितलं. मग धाकटीनं आकडे विचारले आणि तिनं एकेक सांगितले, औषधं सांगितली, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. धाकटी मधे नुसती हं म्हणत होती. दोघी जणी दुसऱ्याच कुणाच्या आजाराबद्दल बोलाव्यात तशा बोलत होत्या. थोरलीला ते सहन होईना.

“बाबांचं पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मी पाणी टाकून देत नव्हते. सुपात घालत होते. आज कळलं मला. आणि बोलले तुला. सगळ्यांसमोर.”

पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग दार लोटल्याचा. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

“मला माहीत होतं, ताई.”

थोरलीला वाटलं, तिला दुसरंच काही म्हणायचंय. पण धाकटी सांगत गेली. बाबा आले त्या पहिल्याच दिवशी ती भाजीचं पाणी मोरीत ओतत होती, तर ते मागून म्हणाले, ताई ते फेकत नाही, ती त्याचं सूप करते. तेव्हाच तिच्या सगळं लक्षात आलं. ती लगेच फोन करायला निघाली होती. बाबांनी करू दिला नाही. ती गाजरं तोलून तोलून घालते मला, ते म्हणाले, फोनवरून असं ऐकलं तर मोडून पडेल, मी घरी परतलो की माझा मी सांगतो तिला.

“त्यांनी नाही सांगितलं,” थोरली म्हणाली.

“माहीत आहे. दोन वाट्या नोंदवलेल्या दिसल्या ना मला. तेव्हा तरी करायचा होता मी फोन. हातात घेतला होता. म्हटलं, बाबा बोलतील उद्या. म्हणून तू व्हरांड्यात बोललीस ते ऐकून घेतलं मी. मला वाटलं, बरोबरच तर बोलतेय.”

थोरली खुर्चीवर बसली. चौदा महिने तिनं ही बहीण टाकली होती. घरात तिचं नाव निघालं की ती उठून जायची. तिला म्हणायचं होतं, एकदा तरी उलट बोलायचं होतंस. म्हणायचं होतं, ये. तिनं विचारलं मात्र भलतंच.

“तुझ्याकडे जेवत तरी होते का नीट?”

“नाही गं,” धाकटी म्हणाली आणि आता ती रडत होती. “मी सगळं नीट करत होते, पण एक घास गोड लागला नाही त्यांना. चारही दिवस तुझ्या सुपाचंच नाव काढत होते.”